नमनावर ठेवलेला हात

अन्याय झाला तो एका डफवाल्यावर. शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याहून तासभर चालत गेलं की लागणाऱ्या एका गावात, सन त्र्याहत्तर साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला. अन्याय करणारा मी. सावकार नाही, पाटील नाही, सरकार नाही. आजवर मी जेवढी पत्रकं लिहिली त्यांत गुन्हेगाराचं नाव पहिल्या ओळीत असायचं, म्हणून इथेही पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. धुळ्यात कॉलेजात नाव होतं, पण वर्गात कमी आणि आमच्या संघटनेच्या खोलीत जास्त. त्या खोलीत एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि त्याची शाई माझ्या नखांतून कधी जात नसे. स्टेन्सिल कापायचं काम माझं. फुलस्केपचं एक पान, त्यात सगळं बसलं पाहिजे. आमचे प्रमुख म्हणायचे, "जे कापता येत नाही ते लिहू नकोस." मी कापण्यात तरबेज झालो. कोणी तीन पानांची हकीकत आणून दिली की मी तिच्या सहा ओळी करायचो, आणि उरलेल्या माणसाकडे वळूनही बघायचो नाही.

दुष्काळाचं साल. त्या गावाजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं. चारशेच्या आसपास माणसं मे महिन्याच्या उन्हात माती उपसत होती, खडी फोडत होती, आणि कामावर प्यायला पाणी नाही, बसायला सावली नाही. बाया लहान पोरांना टोपलीखाली झाकून ठेवायच्या. आमच्या मागण्या दोनच होत्या. रोज एक टँकर आणि ताडपत्रीच्या चार सावल्या. मागण्या बरोबर होत्या. आजही बरोबरच म्हणेन. तिथे लाज वाटण्यासारखं काही नाही.

आखाजीला काम बंद राहणार होतं आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदार पाहणीला येणार होते. सणाला माहेरी आलेल्या लेकीबाळी गावात होत्या, म्हणजे माणसं दुप्पट. आम्ही तोच दिवस सभेला धरला. प्रमुख मला म्हणाले, "नुसत्या भाषणाने ही माणसं उठणार नाहीत. त्या गावात एक म्हातारा डफवाला आहे, त्याला घे. शब्द आपले, आवाज त्याचा."

आमच्याकडे डफावर म्हणायच्या लांबलचक गाण्याला वही म्हणतात. म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा अक्षरओळख नसते, तरी तिला वहीच म्हणायचं. आबा वही म्हणायचे. तालुक्यात त्यांच्या तोडीचं कोणी उरलं नव्हतं. मी स्वतः खानदेशातला, माझी आजी अहिराणीशिवाय बोलत नसे, पण आबांचं गाणं मी त्याआधी एकदाही नीट बसून ऐकलं नव्हतं. धुळ्यात शिकणाऱ्याने ते ऐकायचं नसतं, असा काही कायदा नव्हता. आम्हीच तो पाळत होतो.

आखाजीच्या संध्याकाळी मी माझा कागद घेऊन आबांच्या अंगणात गेलो. आबा पासष्टीचे, काटकुळे, बोलताना मधूनच श्वास शोधणारे. शेजारी त्यांचा भाचा बसला होता. तिशीचा गडी, धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सणासाठी आलेला. चुलीपाशी आबांची बायको, तिला सगळं गाव अक्का म्हणायचं.

आबा म्हणाले, "माले वाचता येस नही भाऊ. तुम्ही म्हना, मी धरस."

मी गाणं वाचलं. 'पाणी मागतो, उपकार नाही' हे त्याचं धृपद. आबा बोटाने गुडघ्यावर ठेका धरून होते. तिसऱ्या वाचनाला त्यांनी ते पाठ म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणता माझ्या दोन ओळींची जागा बदलली. बदलल्यावर कळलं की आधी त्या चुकीच्या जागी होत्या.

"शब्द खडबडीत शेतस," ते म्हणाले. "पन चाल पुरानी शे. ती करी बरोबर."

अक्का चुलीपाशून म्हणाली, "कागदमा इतलं पानी, आनि पाव्हनाले घोटभर नही इचारं कोनी!" आणि हसत तांब्या पुढे केला. सगळे हसलो. चांगली संध्याकाळ होती ती. म्हणूनच सांगायला जड जातं.

कारण त्यानंतर आबांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. मला सांगितलंच नव्हतं, अशी पळवाट मला नाही. वही सुरू करायच्या आधी नमन असतं. त्यात धरतीला, दिशांना, गावदेवीला दोन दोन ओळी, आणि मग नावं. हा डफ आधी ज्यांच्या ज्यांच्या हातात होता त्यांची, जुन्यापासून सुरुवात करून. आबांच्या आधी सात जण. ज्याच्या हातात डफ आहे तो आपल्या गुरूच्या नावापर्यंत येतो आणि थांबतो. स्वतःचं नाव त्याने घ्यायचं नसतं. डफ पुढच्याच्या हाती द्यायची वेळ झाली की त्या थांबलेल्या जागी तो शिष्याच्या हातात डफ ठेवतो. शिष्य पहिली थाप मारतो आणि त्या रांगेत आपल्या गुरूचं नाव जोडतो. समोर बसलेलं गाव "हां" म्हणतं. झालं. त्या क्षणापासून डफ त्याचा, आणि तो आपल्या तोंडाने वही म्हणू शकतो. त्याआधी त्याने कितीही वह्या पाठ केलेल्या असोत, लोकांपुढे एक ओळ म्हणायची नाही. आणि हे होतं ते आखाजीच्या दुसऱ्या दिवशीच; मध्ये तुटलं तर त्या साली पुन्हा धरता येत नाही. घागर भरून पितरांना जेवू घातलं, आता शेतावर सालगडी लावतात तसा नव्या सालाला माणूस लावा, असा हिशेब.

"सकाय मना नाव याना तोंडमा जाई," भाच्याकडे बोट करून आबा म्हणाले. "मना दम आते पुरस नही. पुढला आखाजीले आवाज ऱ्हास का नही, कोन जाने. म्हनीसन पहिले नमन, मंग तुमनं गानं."

मी म्हणालो, "हो हो, आबा. बघू."

माझं लक्ष भोंगा कोणत्या झाडाला बांधायचा याच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सभेला सातशे-आठशे माणूस असेल. तलावाच्या भरावाखाली एक बाभूळ होती, तिच्या विरविरीत सावलीत आम्ही चार खुर्च्या मांडल्या. खुर्च्यांवर आम्ही. समतेवर सगळ्यांत लांब भाषण त्या दिवशी आमचंच झालं, आणि ते चालू असताना आबा आणि त्यांचा भाचा उन्हात उभे होते. हे तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण टोचत नव्हतं.

भाच्याने नवा पांढरा सदरा घातला होता. घडीच्या रेघा उठून दिसत होत्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पुढची जागा धरली होती. ती आमच्यासाठी आलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

प्रमुखांचं भाषण संपत आलं आणि लांब धूळ दिसली. तहसीलदारांची जीप. भाषण आवरून प्रमुख माझ्या कानाशी लागले, "गाणं घे लवकर. जीप पोहोचेल तेव्हा लोक उभे पाहिजेत."

मी आबांना माइकपाशी आणलं. त्यांनी डफ कानाशी नेला, बोटांनी कातडं चाचपलं आणि नमन सुरू केलं. संथ. अगदी संथ. धरती झाली, दिशा झाल्या, गावदेवी झाली. मला दिसत होती ती फक्त धूळ. मग नावं सुरू झाली. एकेका नावाला दोन ओळी, आणि ओळ संपली की डफाचा एक लांब घुमारा. पुढे बसलेले म्हातारे प्रत्येक नावाला मान लववत होते. मी पुटपुटलो, "आबा, आटपा." त्यांनी डोळे मिटलेले होते. पण ऐकलं होतं, बहुधा थोडं हसलेही. कारण डोळे न उघडता, दोन नावांच्या मधल्या श्वासात ते मला हळूच म्हणाले, "तुमले घाई शे भाऊ. मरेल मानससले काय घाई?"

जीप वळणावर आली.

मी पुढे झालो आणि डफावर हात ठेवला. पंजा उघडा करून, कातड्याच्या मधोमध. डफ जागच्या जागी मेला. माइकमध्ये तोंड घालून मी म्हणालो, "आबा, देवबिव पुरे आता! टँकर काही देव देणार नाही."

लोक हसले. खरं सांगायचं तर पहिला मी हसलो, भोंग्यातून, आणि मग लोक हसले. आमच्या खुर्च्या हसल्या, तरणी पोरं हसली, मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांतलं कोणी हसलं नाही.

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "हात काढा, भाऊ." भांडण नाही, वाद नाही. मी हात काढला. आबांनी एकदा श्वास घेतला आणि सरळ आमचं गाणं सुरू केलं.

ते त्यांनी असं म्हटलं की मी तसं पुन्हा कधी ऐकलं नाही. 'पाणी मागतो, उपकार नाही' दुसऱ्यांदा आलं तेव्हा बाया उभ्या राहिल्या, तिसऱ्यांदा सगळा भराव उभा राहिला. जीपमधून उतरलेला माणूस टोपी काढून घाम पुसत नुसता ऐकत राहिला. जाण्याआधी त्याने दोन्ही मागण्या मान्य केल्या. तिसऱ्या दिवशी टँकर आला, ताडपत्र्या आल्या. आम्ही जिंकलो.

मी विजयाने फुगून मागे वळलो तेव्हा भाचा दिसला. त्याचे दोन्ही हात अजून पोटापुढे होते, काहीतरी घ्यायला धरलेले. मी पाहतोय असं दिसल्यावर त्याने ते खिशात घातले.

मला तेव्हाही काही वाटलं नाही. पत्रकात मी लिहिलं, 'लोककलेला आम्ही अंधश्रद्धेच्या चिखलातून काढून जनतेच्या लढ्यात उभं केलं.' स्टेन्सिलवर ही ओळ कापताना मला अभिमान वाटला होता, हेही लपवत नाही.

पहिला धक्का बसला तो ज्याच्याकडून बसू नये त्याच्याकडून. भोंगा आणि बॅटरी आम्ही शिंदखेड्याच्या एका मारवाडी कापडवाल्याकडून उसनी आणली होती. आदल्या वर्षी त्याच माणसाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं, तरी त्याने सामान दिलं. परत करायला गेलो तर तार गुंडाळत तो म्हणाला, "काय भाऊ, आबांनी डफ दिला का भाच्याला?"

मी म्हणालो, "नमनाला वेळ नव्हता."

"वेळ नव्हता?" त्याने तार खाली ठेवली. "आमचे वडील दुकानासमोर यांचं नमन चालू असलं, तर गिऱ्हाईक सोडून पायरीवर उभे राहायचे. त्यांना तर यांची बोलीसुद्धा पुरती समजत नव्हती."

बस, एवढंच बोलला. मी बाहेर येऊन मनात त्याला शोषक म्हटलं. दुसरा काही शब्द सुचला नाही.

टँकर जेमतेम महिनाभर आला, मग पावसाळा लागला. गाणं मात्र टिकलं. धुळ्यात, जळगावात, जिथे जिथे मोर्चा तिथे 'पाणी मागतो'. संघटनेने गाण्यांची एक पुस्तिका जळगावला छापून घेतली. मजकूर मीच लावला. गाण्याखाली शब्दांच्या पुढे संघटनेचं नाव आणि त्याखाली 'चाल : पारंपरिक'. ते लिहायला मला दोन सेकंदही लागले नसतील.

त्याच साली, दिवाळीच्या आधी, आबा गेले. मी जळगावला एका शिबिरात होतो. काय करत होतो? चाळीस पोरांना पेटीवर तेच गाणं शिकवत होतो. कळलं पंधरा दिवसांनी. शोकसभा घ्यावी असंही कोणाला वाटलं नाही, कारण आमच्या यादीत आबा कार्यकर्ते नव्हते, 'सहकार्य' होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मधल्या काळात मी संघटनेतच आहे, भाषणं करतो, पत्रकं लिहितो. गेल्या महिन्यात कापूस खरेदीच्या प्रश्नावर धरणगावला गेलो होतो. जिनिंगच्या फाटकावर पत्रकं वाटताना एका माणसाने माझ्या हातातून पत्रक घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि म्हणाला, "आते काय कापं, भाऊ?"

भाचा. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. चहा त्याने मागवला. मी विचारलं, आबा गेले तेव्हा त्रास झाला का?

"दम लागे. तुमनं गानं चालू व्हतं तवय, रस्तावर. मोर्चा जाई ऱ्हायंता. आबा म्हने, देख, मनी चाल चालनी."

हे ऐकून माणसाने काय करावं? मी खिशातून वही-पेन काढलं. हाच माझा धंदा. म्हणालो, "मला ती सात नावं सांगा. आबांचं धरून आठ. पुढच्या आवृत्तीत गाण्याखाली छापतो. 'पारंपरिक' काढून टाकतो."

तो हसला. "छापा, छापा! म्हनजे सुटनात तुम्ही."

मी पेनचं टोपण काढलं.

"त्या नावे कागदवर लिखानी नही शेतस, भाऊ. डफवर म्हनानी शेतस. आनि डफले मी हात लावत नही. माले कोनी दिनाच नही तो."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला हे लिहिल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. ज्या चालीवर आम्ही आमचं गाणं बसवलं, ती चाल आबांच्या गुरूच्या गुरूने केलेली. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे संवत एकोणीसशे छप्पन, आमच्या पणजोबांच्या वेळी, तो माणूस दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आमच्याच तालुक्यात. हातोड्याचा ठेका धरून, पाण्यावाचून बसलेल्या बाया-माणसांना ऐकवायला त्याने ती वही रचली. नमनातल्या त्याच्या दोन ओळींत हेच होतं. खडी, हातोडा, कोरडा घसा.

"तुमले खडी फोडनारा पाहिजे व्हता ना सभामा?" भाचा म्हणाला. "तो सहावा व्हता. तुम्ही पाचवावर हात ठी दिना."

ज्याला मी माइकमधून 'देवबिव' म्हणालो, ते हे होतं. चारशे खडी फोडणाऱ्यांच्या समोर त्यांच्यातल्याच एकाचं नाव येणार होतं, सत्तर वर्षं तोंडातोंडाने सांभाळलेलं, एकाही कागदावर नसलेलं. मी ते येऊ दिलं नाही. का, तर कामगारांच्या लढ्याला उशीर होत होता. आम्ही इतिहास इतिहास म्हणून घसे कोरडे करतो. इतिहास डफ घेऊन आमच्या खुर्चीशेजारी उन्हात उभा होता आणि आम्ही त्याला आटप म्हणालो.

मी त्याला विचारलं, "तुम्हाला सगळं येतं अजून? वह्या? नमन?"

"बठ्ठं ध्यानमा शे. जिनिंगना भोंगा वाजना का मशीनना आवाजमा मनातलं मनात म्हनस. कोनले ऐकू जास नही, म्हनीसन चालस."

"मग आता काय करता येईल?"

त्याने चहाचा ग्लास पालथा घातला. म्हणाला, "आबा ऱ्हातात तर सोपं व्हतं. आते आबा नही. आते गावले देनं पडी. गाव डफ उचली मना हातमा देई, आनि हां म्हनी, तर जुडी. पन कोनतंबी गाव नही. ज्या लोकससमोर तुटनं, त्याच लोकससमोर. त्या आते कथा शेतस?"

कुठे आहेत? काम संपलं तशी ती माणसं पांगली. कोणी सुरतेला गेलं, कोणी धुळ्याच्या गिरणीत, कोणी उसाच्या तोडीला, लेकी सासरी. मी म्हणालो, "मी आणतो त्यांना. माणसं जमवणं एवढंच मला येतं. आणली तर म्हणाल?"

"पहिले लई या," तो म्हणाला. आणि उठता उठता, "भाषन करू नका फक्त."

डफ अक्काजवळ आहे. दर आखाजीला ती तो उन्हात धरून कातडं ताणून घेते, एवढं मी तिच्या दारात जाऊन ऐकून आलो. मला तिने पाणी विचारलं. मी प्यालो, आणि मान वर करू शकलो नाही.

तर आता तुम्ही. तुम्ही त्या तलावाच्या कामावर होता, त्या दिवशी बाभळीसमोर बसला होता, हसला होता किंवा हसला नव्हता. तुमची बहीण, तुमची सासू, तुमच्या गिरणीतला शेजारचा माणूस तिथे होता. तुम्ही वाचणारे असाल तर न वाचणाऱ्याला वाचून दाखवा. आणि ज्यांच्या घरात आमची ती पुस्तिका आहे त्यांनी पेन घेऊन 'पारंपरिक' हा शब्द आजच खोडावा, माझी वाट पाहू नये.

येत्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, त्याच भरावाखाली या. खुर्च्या नसतील, भोंगा नसेल, मी शेवटच्या रांगेत असेन. आठवं नाव ऐकू येईपर्यंत तोंडातून शब्द काढू नका, आणि ते आलं की "हां" म्हणा. मोठ्याने म्हणा.